रोजचा ताळा : चपळ कार्यपद्धती आणि बेंगळूरुचा अनुभव

बँकेच्या कोणत्याही शाखेत दिवसाचे व्यवहार संपले की रोखपाल हातातील रोकड मोजतो आणि ती पुस्तकी शिलकेशी ताडून पाहतो. शंभर रुपयांचा फरक निघाला तरी त्याचा शोध त्याच संध्याकाळी घेतला जातो. 'वर्षअखेरीस एकदमच पाहू' असे कोणी म्हणत नाही. आजचा फरक आजच्या व्हाउचरांत सापडतो. वर्षअखेरीस तोच फरक हजारो व्हाउचरांच्या ढिगाऱ्यात शोधावा लागेल आणि तोवर त्यावर आणखी दहा चुकांचे थर चढलेले असतील. हे शहाणपण बँकेच्या अंगवळणी पडलेले आहे.

तीच बँक नवी संगणकप्रणाली घेते किंवा कर्जमंजुरीची नवी व्यवस्था उभारते तेव्हा मात्र या शहाणपणाचा विसर पडलेला दिसतो. आराखडा मंजूर होतो, निविदा निघतात, दोन-दोन वर्षे काम चालते आणि ताळा पाहिला जातो तो एकदाच, प्रणाली सुरू करण्याच्या दिवशी. तोवर प्रत्येक आढावा बैठकीत 'काम प्रगतिपथावर आहे' हे वाक्य इतिवृत्तात नोंदले गेलेले असते.

प्रकल्पाच्या कामालाही रोजच्या ताळ्याची शिस्त लावणाऱ्या पद्धतींना व्यवस्थापनशास्त्रात 'ॲजाइल' अथवा चपळ कार्यपद्धती म्हणतात. चपळ म्हणजे घाईचे, असा समज येथे करून घेऊ नये. काम लहान लहान भागांत करावे, प्रत्येक भाग वापरणाऱ्याला दाखवावा आणि चूक कळताच दिशा बदलावी, एवढाच तिचा आशय आहे. सांगायला सोपी वाटणारी ही गोष्ट संस्थांना आचरणात आणताना जड का जाते, याचे उत्तर शोधण्यासाठी बेंगळूरु शहराचा अनुभव फार उपयोगी पडतो.

धबधब्याचे चित्र

प्रकल्प पायऱ्यापायऱ्यांनी करण्याची जुनी रीत 'धबधबा पद्धती' या नावाने ओळखली जाते. आधी सर्व गरजा लिहून काढावयाच्या, मग आराखडा, मग बांधणी, मग चाचणी आणि शेवटी वापर. पाणी जसे वरून खाली येते तसे काम एका टप्प्यावरून दुसऱ्यावर यावे आणि मागे फिरू नये. या पद्धतीचे जनकत्व बहुधा विन्स्टन रॉइस या अमेरिकन अभियंत्याकडे दिले जाते. १९७० साली त्यांनी मोठ्या संगणकप्रणालींच्या व्यवस्थापनावर एक निबंध सादर केला आणि त्यात पायऱ्यांचे ते प्रसिद्ध चित्र होते.

गंमत अशी की, चित्र दाखवून झाल्यावर रॉइस यांनी लगेच इशाराही दिला होता. चाचणी अगदी अखेरीस येत असल्याने खरी अडचण तेव्हाच प्रथम कळते आणि मग मूळ आराखडाच बदलावा लागतो. म्हणून अशा सरळसोट क्रमाने जाणे धोक्याचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. 'धबधबा' हा शब्द तर त्या निबंधात नाहीच. परंतु वाचणाऱ्यांनी चित्र घेतले आणि इशारा सोडून दिला. कार्यालयीन परिपत्रकांच्या नशिबीही पुष्कळदा हेच येते : तक्ता लक्षात राहतो, त्याखालची टीप राहत नाही.

तुटलेला धागा आणि थांबणारा माग

चपळ कार्यपद्धतीची पाळेमुळे संगणकाच्याही आधीच्या काळात, विणकामाच्या मागात आहेत. जपानमधील साकिची टोयोडा यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असा स्वयंचलित माग तयार केला की, धागा तुटताच तो आपोआप थांबत असे. इचलकरंजी, मालेगाव किंवा सोलापूरच्या वाचकाला याचे मोल सांगण्याची गरज नाही. धागा तुटूनही माग चालत राहिला तर पुढचे सारे कापड सदोष निघते. माग स्वतःच थांबत असल्यामुळे एका कामगाराला अनेक मागांवर लक्ष ठेवता येऊ लागले.

पुढे या घराण्याने मोटारींचा उद्योग सुरू केला तेव्हा हे तत्त्व कारखान्यात आले. टोयोटाच्या जुळणी रांगेवर काम करणाऱ्या कामगाराला दोष दिसला की तो जवळची दोरी ओढतो किंवा बटण दाबतो. वरच्या फलकावर त्या जागेचा दिवा लागतो आणि गटप्रमुख धावत येतो. ठरलेल्या अंतरात दोष दूर झाला तर रांग चालू राहते, अन्यथा ती थांबते. या फलकाला 'अँडॉन' म्हणतात. ताइची ओनो या अभियंत्याने याला दुसरी जोड दिली ती 'कानबान'ची. कानबान म्हणजे पाटी किंवा पत्रक. अमेरिकेतील सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकाने वस्तू उचलल्यावर तेवढीच जागा पुन्हा भरली जाते. त्याच धर्तीवर पुढच्या विभागाने पत्रक पाठविल्याशिवाय मागच्या विभागाने नवा माल तयार करू नये, असा हा नियम. माल साठून राहिला की दोषही साठून राहतात, हे त्यामागचे कारण.

ही पद्धत बेंगळूरुच्या परिसरात आली ती एका मराठी नावासह. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून १९१० साली किर्लोस्करवाडी वसविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याने टोयोटाशी भागीदारी केली आणि १९९७ साली टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली. बेंगळूरु-म्हैसूर मार्गावरील बिडदी येथे तिचा कारखाना उभा राहिला आणि 'क्वालिस' हे तिचे पहिले वाहन बाजारात आले. लक्ष्मणरावांचे पणतू विक्रम किर्लोस्कर २०२२ साली निधन होईपर्यंत या भागीदारीशी निगडित होते.

रांग थांबविण्याचा अधिकार सर्वांत कनिष्ठ कामगाराच्या हाती देणे ही केवळ तांत्रिक सोय नव्हे. दर मिनिटाला उत्पादन मोजणाऱ्या कारखान्यात 'थांबा, येथे काही चुकते आहे' असे म्हणण्याची त्याला मुभा आहे आणि तसे म्हटल्याबद्दल त्याला बोल लावला जाणार नाही, असा तो करार आहे. असा करार आपोआप टिकत नाही, हेही नमूद केले पाहिजे. २०२० च्या नोव्हेंबरात याच कारखान्यात व्यवस्थापन व कामगार यांच्यात मोठा संघर्ष होऊन टाळेबंदी झाली होती. दोरी टांगून ठेवल्याने विश्वासाचा प्रश्न कायमचा मिटत नाही.

सतरा जणांची बैठक

जपानी उद्योगांतील हे अनुभव संगणकक्षेत्रात पोहोचण्यास एका लेखाने मोठा हातभार लावला. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी १९८६ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये नव्या उत्पादनांच्या विकासाची तुलना खेळांशी केली. जुनी रीत काठी पुढच्याच्या हाती देणाऱ्या रिले शर्यतीसारखी, तर नवी रीत सर्व चमू चेंडूसह एकत्र पुढे सरकणाऱ्या रग्बीसारखी, असे त्यांनी मांडले. रग्बीतील 'स्क्रम' हा शब्द त्यातूनच रूढ झाला. लेखक महाराष्ट्रातले असते तर त्यांना साखळी धरून उभा राहणारा कबड्डीचा संघ आठवला असता! पुढे जेफ सदरलंड व केन श्वाबर यांनी १९९५ साली 'स्क्रम' ही संगणकप्रकल्पांची पद्धत म्हणून मांडली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड येथे सतरा तज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्याचा मथितार्थ असा की, कागदोपत्री पूर्ततेपेक्षा चालते काम मोलाचे, कराराच्या कलमांपेक्षा ग्राहकाशी सहकार्य मोलाचे, आणि आखलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलास सामोरे जाणे अधिक मोलाचे.

या पद्धतीतील काही संज्ञा समजून घेणे सोयीचे ठरेल. करावयाच्या सर्व कामांची प्राधान्यक्रमाने लावलेली यादी म्हणजे 'बॅकलॉग'. आपल्याकडे या शब्दाला थकबाकीचा वास येतो, येथे तसा अर्थ नाही. यादीतील वरची कामे घेऊन एक ते चार आठवड्यांत ती पूर्ण करावयाची, त्या मुदतीला 'स्प्रिंट' म्हणतात. यादीचा क्रम ठरविणारा व्यवसायाच्या बाजूचा जबाबदार माणूस 'प्रॉडक्ट ओनर'. रोज ठरलेल्या वेळी चमूने पंधरा मिनिटे भेटावयाचे आणि काल काय झाले, आज काय करणार व कशामुळे अडले आहे, एवढेच बोलावयाचे. ही सभा लांबू नये म्हणून ती उभ्यानेच घेण्याचा प्रघात पडला. स्प्रिंटच्या अखेरीस तयार झालेला भाग वापरणाऱ्याला दाखविला जातो आणि त्यानंतर चमू आपल्याच कामाच्या रीतीचा विचार करावयास बसतो. या सर्वांत 'कशामुळे अडले आहे' हा प्रश्न म्हणजे बिडदीच्या रांगेवरची दोरी होय.

बेंगळूरुत काय घडले

विसाव्या शतकाच्या अखेरीस बेंगळूरुची ख्याती वेगळ्याच गोष्टीसाठी होती. १९८१ साली पुण्यात स्थापन होऊन १९८३ मध्ये बेंगळूरुला गेलेली इन्फोसिस, तसेच विप्रो आणि इतर अनेक कंपन्यांनी 'सीएमएम' या गुणवत्ता-मानकाची सर्वोच्च, म्हणजे पाचवी पातळी गाठली होती. प्रत्येक पायरीची लिखित पद्धत, प्रत्येक बदलाची नोंद, प्रत्येक दोषाची आकडेवारी असा तो कारभार होता. समुद्रापलीकडील ग्राहकाला न पाहता काम देण्याचा विश्वास या कागदपत्रांनीच दिला, हे त्यांचे ऐतिहासिक श्रेय कोणी नाकारू नये. परंतु त्याच व्यवस्थेत धबधबा अधिक घट्ट झाला. गरजांच्या दस्तऐवजावर ग्राहकाची सही झाली की ठराविक रकमेचा करार होई. त्यानंतर ग्राहकाचे मन बदलले तर तो 'बदलाचा अर्ज' ठरे आणि त्याचे वेगळे पैसे लागत. विश्लेषण अमेरिकेत, लेखन बेंगळूरुत आणि दोहोंमध्ये जाड दस्तऐवज, अशी श्रमविभागणी रूढ झाली.

याच शहरात शिकागोच्या 'थॉटवर्क्स' या कंपनीने २००० च्या दशकाच्या आरंभी कार्यालय उघडले आणि चपळ पद्धती दोन खंडांत विभागलेल्या चमूंवर वापरून पाहिली. स्नोबर्डच्या सतरा जणांपैकी एक, मार्टिन फाउलर, याच कंपनीत होते. त्यांनी या अनुभवावर एक सविस्तर निबंध लिहिला आणि २००६ पर्यंत त्यात भर घातली. चपळ पद्धतीचा पाया समोरासमोरचा संवाद हा. शिकागो आणि बेंगळूरु यांच्यात मात्र ऋतुमानानुसार साडेदहा ते साडेअकरा तासांचा फरक. एकाची सकाळ ती दुसऱ्याची रात्र. तेव्हा हा प्रयोग मुळातच प्रवाहाविरुद्ध पोहण्याचा होता, असे म्हणावे लागेल.

त्यातून निघालेल्या काही युक्त्या आज सर्वत्र रूढ आहेत. सर्वांनी लिहिलेला प्रोग्राम रोज, किंबहुना दिवसातून अनेकदा, एकत्र जोडून आपोआप तपासला जाई. त्यासाठी याच कंपनीत 'क्रूझकंट्रोल' नावाचे साधन तयार झाले. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर हा दिवसअखेरीचा ताळा. जुळला नाही तर पुढचे काम नाही. दुसरी युक्ती 'राजदूतां'ची. अमेरिकेतील चमूतला कोणीतरी काही महिने बेंगळूरुत आणि बेंगळूरुतला कोणीतरी तिकडे बसे. दस्तऐवजात न येणाऱ्या गोष्टी, म्हणजे ग्राहकाच्या कार्यालयातील कुजबुज, कोणाची नाराजी, कशाची घाई, त्या या माणसांमार्फत पोहोचत. तिसरी गोष्ट अशी की, काम टप्प्यांनुसार वाटण्याऐवजी विषयांनुसार वाटावे. एका गावात विचार आणि दुसऱ्या गावात अंमल अशी फाळणी करू नये.

परंतु फाउलर यांच्या निबंधातील सर्वांत विचार करावयास लावणारा भाग यंत्रांविषयी नाही. वरिष्ठांच्या शब्दाला मान देण्याच्या संस्कारात वाढलेल्या अभियंत्यांना प्रश्न विचारावयास लावणे, अडचण उघडपणे सांगावयास लावणे, मुदत पाळता येणार नाही हे आगाऊ कळवावयास लावणे आणि सांगितलेल्यापेक्षा वेगळा मार्ग सुचवावयास लावणे हे सर्वांत अवघड गेले, असे त्यांनी नोंदविले आहे. हा बदल होण्यास पुष्कळ काळ लागतो. पण मोकळीक व तिच्याबरोबरची जबाबदारी एकदा कळली की माणसांना ती आवडते, असेही त्यांचे निरीक्षण आहे.

हे वाचून भारतीय वाचकाने रागावण्याचे कारण नाही. आपल्या कार्यालयांतील 'होईल साहेब' हा उद्गार त्याच्या परिचयाचाच आहे. या 'होईल'चा अर्थ कधी 'होईल', कधी 'प्रयत्न करतो' आणि कधी 'होणार नाही, पण ते सांगण्याची ही जागा नव्हे' असा असतो. कोणता अर्थ घ्यावयाचा हे साहेबाला शेवटच्या आठवड्यात कळते. यात कनिष्ठाचा लबाडपणा नसतो. वाईट बातमी आणणाऱ्यालाच तिचा धनी समजण्याची जी सवय वरच्या खुर्च्यांना असते, तिला त्याने दिलेले ते उत्तर असते.

म्हणूनच अनेक संस्थांत चपळ पद्धती आली ती केवळ वेषांतर करून. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लागल्या, सकाळच्या उभ्या सभा सुरू झाल्या. पण सभेत व्यवस्थापक मध्यभागी उभा राहून एकेकाचा हिशेब घेऊ लागला आणि प्रत्येक जण कालच्या कामाची कैफियत देऊ लागला. अशी सभा म्हणजे उभ्याने घेतलेली हजेरी. तिच्यात 'अडले आहे' असे कोणी म्हणत नाही.

बँकेत याची किंमत कोण मोजतो

मोटारीचा दोष कारखान्यात कळला नाही तर तो रस्त्यावर कळतो. बँकेच्या प्रकल्पातील लपलेली अडचण ग्राहकाच्या खात्यात प्रकट होते. ब्रिटनमधील टीएसबी बँकेचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने आपल्या ५२ लाख ग्राहकांची खाती जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर प्रामुख्याने एकाच घासात नेली. त्यानंतर सुमारे १९ लाख ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात. घरभाडे, पगार, किराणा अशी सारी देणी अडकली. कारभार पूर्ववत होण्यास डिसेंबर उजाडला.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र चौकशी अहवालाने जे दाखविले ते कोणत्याही प्रकल्प-अधिकाऱ्याने मुळातून वाचावे असे आहे. आधी तारीख ठरली आणि मग तिच्या आत काम बसविण्यात आले. दोन माहिती-केंद्रांपैकी एकाचीच भारक्षमता तपासली गेली. मुदत एकदा पुढे ढकलल्यावर नवी मुदत तरी वास्तव आहे का, हा प्रश्न संचालक मंडळाने पुरेशा नेटाने विचारला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला आणि २०२३ मध्ये तिच्या माजी माहिती-तंत्रज्ञान प्रमुखासही व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड झाला. सेवा पुरविणारी संस्था 'आम्ही सज्ज होऊ' असे सांगत राहिली आणि त्याचा पुरेसा पुरावा मागितला गेला नाही, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. 'होईल साहेब' ही काही एकट्या भारताची मक्तेदारी नाही.

याउलट २००० च्या दशकात भारतातील सार्वजनिक क्षेत्रातील बँका 'कोअर बँकिंग'वर गेल्या तो इतिहास आठवावा. कोणत्याही मोठ्या बँकेने आपल्या साऱ्या शाखा एका रात्रीत बदलल्या नाहीत. प्रथम थोड्या शाखा, मग एक-एक तुकडी, असे ते काम काही वर्षे चालले. शाखेच्या दारावर लावलेली 'संगणकीकरणामुळे व्यवहार बंद राहतील' ही सूचना आणि पासबुकावरचा नवा लांबलचक खातेक्रमांक अनेक ग्राहकांच्या स्मरणात असेल. व्याजाची आकारणी, जुन्या खात्यांतील अपुरी माहिती, सह्यांचे नमुने यांतील चुका पहिल्या शाखांत सापडत आणि पुढच्या शाखांत टाळता येत. त्या वेळी कोणी त्याला चपळ पद्धती म्हटले नाही. पण लहान पाऊल, ताबडतोब ताळा आणि मग पुढचे पाऊल, हा तिचा गाभा तेथे होता.

कर्जाच्या फायलींची पाटी

संगणकप्रणालीशी संबंध नसलेल्या कामातही या विचाराचा उपयोग होतो. गृहकर्जाच्या केंद्राचे उदाहरण घेऊ. अर्ज येतो, मग उत्पन्नाची कागदपत्रे, पतअहवाल, वकिलाचा मालमत्ता-हक्कशोध अहवाल, मूल्यांककाचा अहवाल, स्थळपाहणी, मंजुरी आणि शेवटी वितरण अशा वळणांनी तो जातो. फायली टेबलांवर असतात तोवर कोठे किती अडल्या आहेत हे दिसत नाही. भिंतीवरच्या पाटीवर या पायऱ्यांचे रकाने आखून प्रत्येक अर्जाची एक चिठ्ठी लावली की पहिल्याच आठवड्यात एखादा रकाना फुगलेला दिसतो. बहुधा तो वकिलाच्या अहवालाचा असतो.

येथे एक साधे गणित मदतीस येते. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ साली त्याची सिद्धता दिली. व्यवस्थेत असलेल्या कामांची संख्या भागिले रोज बाहेर पडणाऱ्या कामांची संख्या, म्हणजे एका कामाला लागणारा सरासरी काळ. समजा, केंद्रात ४० अर्ज आहेत आणि रोज २ निकाली निघतात, तर प्रत्येक अर्जाला सरासरी २० दिवस लागतील. उत्साहाच्या भरात मेळावा घेऊन आणखी २० अर्ज आत ओढले आणि निकालाचा वेग तोच राहिला, तर ग्राहकाला ३० दिवस थांबावे लागेल. म्हणून कानबान पद्धतीत प्रत्येक रकान्याला मर्यादा घालतात. हक्कशोध अहवालाच्या रकान्यात आठाहून अधिक चिठ्ठ्या नकोत असे ठरले, तर नववी आत ढकलण्याऐवजी सर्वांनी मिळून आधीच्या आठांपैकी एक मोकळी करावयाची. एखाद्याला वाटेल की यात अर्ज अडवून ठेवल्यासारखे होते. वास्तविक ते आधीच अडलेले असतात. पाटीमुळे ते दिसू लागतात एवढेच.

कानबानचा संगणककामातील आरंभीचा एक प्रसिद्ध प्रयोग भारताशीच निगडित आहे. २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत प्रणालींची देखभाल करणाऱ्या हैदराबादस्थित चमूकडे कामांचा ढीग साचला होता आणि एका कामाला काही महिने लागत. डेव्हिड अँडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली हातातील कामांवर मर्यादा घालण्यात आली आणि प्रत्येक मागणीचा आगाऊ अंदाज काढण्याची प्रथा बंद झाली, कारण चमूचा मोठा वेळ हे अंदाज काढण्यातच जात होता. महिन्यांचा काळ आठवड्यांवर आला. त्यासाठी आधी आणखी माणसे नेमावी लागली नाहीत.

रचनेचा प्रश्न

चमूच्या पातळीवरील प्रयोग काही काळाने संस्थेच्या रचनेवर येऊन आदळतात. नेदरलँड्सच्या आयएनजी बँकेने २०१५ मध्ये हा आघात स्वतःहून ओढवून घेतला. मुख्यालयातील सुमारे साडेतीन हजार कर्मचाऱ्यांची विभागवार मांडणी मोडून साधारण नऊ जणांची ३५० पथके आणि त्यांचे १३ समूह करण्यात आले. एका पथकात विपणन, उत्पादन व संगणक या तिन्ही बाजूंची माणसे एकत्र बसू लागली. कर्मचाऱ्यांना नव्या पदांसाठी पुन्हा निवड करून घ्यावी लागली आणि त्यांतील जवळजवळ ४० टक्के लोक पूर्वीपेक्षा वेगळ्या कामावर गेले. मधल्या फळीतील व्यवस्थापकांची गरजच कमी झाली, ही गोष्ट अशा बदलांच्या कौतुकात सहसा सांगितली जात नाही.

भारतातील राष्ट्रीयीकृत बँकेत असे काही जसेच्या तसे करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. येथील अधिकाऱ्याची दर काही वर्षांनी बदली होते. चमूला सूर सापडतो न सापडतो तोच त्यातला एक नाशिकला आणि दुसरा गुवाहाटीला जातो. निविदेच्या नियमांमुळे पुरवठादाराशी करार करताना गरजा आधीच लिहाव्या लागतात. यादीचा क्रम ठरविणारा जबाबदार माणूस म्हणून ज्याची नेमणूक होते, त्याच्याकडे आधीची तीन कामे असतातच. परिणामी प्रश्नाचे उत्तर मिळण्यास दोन आठवडे लागतात आणि दोन आठवड्यांची स्प्रिंट तेथेच संपते. प्रशिक्षणावर खर्च करण्याआधी ही एक नेमणूक पूर्णवेळ केली तरी बरेच काही साधेल.

काही गोष्टींना मात्र चपळतेच्या नावाखाली हात लावू नये. एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने ती तपासून मान्य करावी, हा दोन हातांचा नियम संथ वाटला तरी ठेवीदाराच्या पैशाचे ते कुंपण आहे. लेखापरीक्षणासाठी लागणाऱ्या नोंदी, 'आपला ग्राहक ओळखा' या नियमांची पूर्तता, नियामकाला द्यावयाची विवरणपत्रे यांतही प्रयोगाला वाव नाही. सीएमएमच्या काळातील बेंगळूरुने कमावलेली नोंदींची शिस्त येथे टाकून देण्याची नव्हे, जपण्याची वस्तू आहे. वाव आहे तो फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर जाण्यास लागणाऱ्या काळात, एकाच कागदाच्या तीन वेळा होणाऱ्या मागणीत आणि ग्राहकाला 'चार दिवसांनी या' असे सांगण्यात.

ज्या शाखेस किंवा केंद्रास हे करून पाहावयाचे असेल तिने एकच काम निवडावे, त्याची पाटी भिंतीवर लावावी आणि सकाळी दहा मिनिटे तिच्यासमोर उभे राहावे. शाखाप्रमुखाने सर्वांत शेवटी बोलावे. 'काल किती झाले' याऐवजी 'आज कशामुळे अडले आहे' एवढेच विचारावे आणि जो अडचण सांगेल त्याच्याच गळ्यात ती न घालता ती सोडविण्यासाठी पहिला फोन स्वतः करावा. आरंभीचे आठ-दहा दिवस कोणी काही बोलणार नाही, याची तयारी ठेवावी. मार्च महिन्यात या उपक्रमाला हात घालू नये. वार्षिक लेखाबंदीची धांदल ओसरल्यावर, एप्रिलचा शेवटचा आठवडा त्यास सोयीचा.